खोटं न बोलण्याचा चातुर्मास

पुष्पाबाईंनी यंदाच्या चातुर्मासात नेहमीसारखं वांगं सोडलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

पण सलग चौदा वर्षं वांगं सोडल्यावर त्यांच्या मनाला एक टोचणी लागली होती. खानदेशात जन्म घेऊनही त्यांना वांगं मुळात आवडतच नव्हतं. जे आवडत नाही ते चार महिने सोडायचं आणि वर देवाकडे पुण्याची अपेक्षा धरायची, हे त्यांना बरं वाटेना. मागे एकदा चहा सोडून पाहिला होता. चौथ्या दिवशी लोटूअण्णांनी, म्हणजे त्यांच्या यजमानांनी, हात जोडून सांगितलं, "तू पिऊ नकोस, पण मी पिताना असं बघू नकोस." तेव्हा यंदा आषाढी एकादशीला गुजराती मुलखातल्या उधन्याच्या विठ्ठलमंदिरात उभं राहून, ओंजळीत तुळस घेऊन त्यांनी संकल्प सोडला: कार्तिकीपर्यंत खोटं बोलणार नाही.

नेम करणाऱ्याला जड जातो हा लोकांचा गैरसमज आहे. तो शेजाऱ्यांना जड जातो.

पहिल्याच आठवड्यात समोरच्या मालतीबाईंनी वाटीभर कढी आणून दिली आणि सवयीने विचारलं, "कशी झाली?" पुष्पाबाई अत्यंत मृदू आवाजात म्हणाल्या, "आंबट. आणि मीठ दोनदा पडलंय." मालतीबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. दारात वर्गणीवाले आले, तेव्हा लोटूअण्णांनी आतून खूण केली. पुष्पाबाई त्यांना म्हणाल्या, "घरात आहेत, पण नाहीत म्हणून सांगा असं म्हणतायत." यानंतर अण्णा वर्गणीवाले येण्याच्या वेळेला स्वतःच बाहेर जाऊन बसू लागले. सोसायटीतल्या अठ्ठेचाळीस बिऱ्हाडांत ही बातमी पसरली आणि लोक पुष्पाबाईंना काही विचारताना आधी विचार करू लागले. एकूण नेम छान चालला होता.

मग एका बुधवारी दुपारी तारा आली.

तारा म्हणजे खालच्या मजल्यावरच्या निंबाची मुलगी. बारा वर्षांची, सातवीत. निंबा लूमवर, म्हणजे कापडाच्या मागावर, कामाला. आठवडा दिवसपाळी, आठवडा रातपाळी, आणि कानात कायम खटखट. त्याची बायको कुसुम आईच्या डोळ्याचं ऑपरेशन म्हणून महिनाभरासाठी शिंदखेड्याला गेलेली. घरात बाप-लेक दोघंच. तारा दारात उभी राहिली ती आत येईना.

"आजी, तुम्ही खोटं बोलत नाही ना?"

"नाही गं. कार्तिकीपर्यंत तरी नाही."

"मग सांगा. पोटातून रक्त जायला लागलं की माणूस किती दिवस जगतं?"

पुष्पाबाईंच्या हातातली जपमाळ थांबली. त्यांनी ताराकडे नीट पाहिलं. ओढणी कमरेला गुंडाळलेली, चेहरा उतरलेला, सोमवारपासून शाळेत नाही. निंबा त्यांना जिन्यात म्हणाला होता, पोरीचं पोट दुखतंय, ओवा देतोय. पुष्पाबाईंना सगळा उलगडा झाला आणि त्या हसल्याच. पोरीला जवळ घेऊन म्हणाल्या, "अगं वेडे, तुला काहीच झालेलं नाही."

हे ऐकताच तारा हुंदके देऊन रडायला लागली.

"काकालापण सगळे असंच म्हणायचे," ती म्हणाली. "काही नाही झालं, काही नाही झालं. आणि दिवाळीच्या आधी गेले. मम्मीला फोनवर सांगितलं तर ती म्हणते, कोणाला बोलू नको, मी आल्यावर बघू. काकाच्या वेळी पण असंच हळू आवाजात बोलायचे."

पुष्पाबाईंना आता हसू येईना. मोठी माणसं "काही नाही" म्हणतात ते केव्हा, हे या पोरीने घरातच पाहून ठेवलं होतं. त्यांनी तिचे डोळे पुसले आणि सांगितलं, की हे सगळ्या बायकांना होतं. मला व्हायचं, तुझ्या मम्मीला होतं, मालतीआजीलाही व्हायचं. याला पाळी म्हणतात. यात कोणी मरत नाही. मग कपाटातून सून माहेरी जाताना ठेवून गेलेलं पॅडचं पाकीट काढून ते कसं वापरायचं तेही दाखवलं. इथवर सगळं ठीक होतं.

"का होतं?" तारा म्हणाली.

पुष्पाबाई एकसष्ट वर्षांच्या होत्या. त्यातली सदतीस वर्षं त्यांनी हा सोहळा दर महिन्याला साजरा केला होता. बाजूला बसल्या होत्या, लोणच्याला हात लावला नव्हता, देवघराकडे पाठ केली होती. तीन मुलं झाली होती. पण "का" हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता आणि त्यांनीही कोणाला विचारला नव्हता. त्यांच्या आईने सांगितलं होतं, बाईचं पाप असतं ते. हे खरं आहे का? त्यांना माहीत नव्हतं. आणि जे खरं आहे की नाही हे माहीत नाही ते बोलणं म्हणजे नेमात बसत नाही.

"मला नाही माहीत," त्या म्हणाल्या.

"बघा!" तारा म्हणाली. म्हणजे लपवतायत, असं तिला वाटलं.

"विचारून सांगते, देवाशपथ. आणि पाच दिवसांत थांबेल हे."

"मग परत नाही ना येणार?"

खरं बोलण्याचा नेम नसता तर पुष्पाबाई म्हणाल्या असत्या, जा, खेळ. पण त्या म्हणाल्या, "येईल. महिन्याने."

डोळे पुसून तारा भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेली आणि तिने दिवस मोजून एका तारखेवर पेन्सिलीने फुली मारली. काकालापण मध्ये महिनाभर बरं वाटलं होतं, असं म्हणून ती खाली निघून गेली.

पुष्पाबाई त्या फुलीकडे बघत राहिल्या. खरं बोलून आपण पोरीचं भय घालवण्याऐवजी तिला तारीख दिली, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्या तारखेच्या आत "का" आणून दिलं नाही, तर ती पोर पुन्हा पांघरुणात शिरून शेवटचे दिवस मोजणार.

आधी त्या मालतीबाईंकडे गेल्या. मालतीबाई सोसायटीत सर्वज्ञ मानल्या जात. मुलाच्या सर्दीपासून सुनेच्या स्वभावापर्यंत सगळ्यावर त्यांच्याकडे काढा असे. चार मुली, अकरा नातवंडं. त्या अहिराणीत म्हणाल्या, "का म्हंजे? बाईना जन्म शे, म्हनीसन."

"पण कारण काय?"

"पुष्पा, तुन्हं डोकं फिरनं का व? आते या वयात कारण शोधशी? तुन्हं तर थांबी गयं!"

मग पुष्पाबाईंना सुवर्णा आठवली. त्यांची भाची, नवापूरला शाळेत विज्ञान शिकवते. त्यांनी चष्मा लावला, मोबाईल तोंडाजवळ धरला आणि बटण दाबून सावकाश, देवासमोर बोलावं तसं बोलल्या: "सुवर्णा, बाईला दर महिन्याला पाळी का येते, ते मला नीट समजावून सांग. मला खरंच माहीत नाही. एका मुलीच्या जिवाचा प्रश्न आहे."

बोललेलं पाठवून त्या निर्माल्य काढायला उठल्या. परत येऊन पाहतात तर निरोप सुवर्णाला गेलाच नव्हता. तो "सुवर्णा"च्या बरोबर वर असलेल्या "श्री विठ्ठल भजनी मंडळ, उधना" यांना गेला होता. मंडळात एकशे चौदा सभासद, पैकी एकोणीस पुरुष.

लोटूअण्णांनी लगेच फोन हातात घेतला. "घाबरू नकोस, मी पुसतो," म्हणाले आणि पुसलं. निरोप दिसेनासा झाला. पुष्पाबाईंनी सुटकेचा श्वास सोडून देवाला हात जोडले. अण्णांनी तो फक्त पुष्पाबाईंच्या फोनमधून पुसला होता, आणि उरलेल्या एकशे तेरा जणांच्या फोनमध्ये तो सुखरूप होता, हे कळायला संध्याकाळ झाली. मालतीबाईंचे यजमान सखाराम, म्हणजे मंडळाचे मृदंगवाले, यांनी निरोपाखाली जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं होतं. त्यांनी आयुष्यात कोणत्याही निरोपाला तो ऐकून उत्तर दिलं नव्हतं, सरसकट हातच जोडायचे. पण त्यांचे पाहून आणखी सहा पुरुषांनी हात जोडले.

दुसऱ्या कोणी असतं तर "नातवाने पाठवला" म्हणून मोकळं झालं असतं. पुष्पाबाईंची तीही सोय नव्हती. त्या दोन दिवस भजनाला गेल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मात्र एकेक निरोप खासगीत येऊ लागला. पहिला दोंडाईच्याहून आलेल्या एका सुनेचा: "काकू, कळलं की मलापण सांगा." मग दुसरा, तिसरा. कोणी लिहिलं, माझ्या लेकीने पण विचारलंय, मी मारलं तिला, आता वाईट वाटतंय. पुढच्या शुक्रवारपर्यंत सव्वीस झाले. शेवटचा मालतीबाईंचा होता. समोरच्या दारातून त्यांनी मोबाईलवर पाठवला होता: "समजनं की माले बी सांगजो."

मधल्या काळात नाव नीट बघून सुवर्णालाही पुन्हा विचारलं होतं, तिचं उत्तरही आलं. अकरा पानांचं, इंग्रजीत, आकृतीसकट. अण्णांनी चष्मा वर करून आकृती पाहिली आणि विचारलं, "पोळ्याचं आमंत्रण आलं का? बैल छान काढलाय."

तो बैल नाही, बाईची पिशवी आहे, हे पुष्पाबाईंना खाली लिहिलेल्या एका शब्दावरून कळलं, कारण तो शब्द त्यांच्या सोनोग्राफीच्या कागदावर होता. पण इंग्रजी येत नसल्याने बाकीचं सगळं तसंच राहिलं. आणि सव्वीस जणींना काय बैल दाखवायचा?

म्हणून त्या आरोग्य केंद्रात गेल्या. तिथल्या गुजराती नर्स हंसाबेन, मोठं कुंकू, मोठा आवाज, बोलता बोलता तीन भाषा बदलणार. त्यांनी ऐकून टेबलावर थाप मारली. "वाह बेन! सामेथी, आपणहून, कोण येतं विचारायला? येते ना मी, चित्रांची चोपडी घेऊन येते." पण मग त्यांनी खणातून एक छापील फॉर्म काढला. हा कार्यक्रम किशोरींचा आहे. लाभार्थी वय दहा ते एकोणीस, कमीत कमी वीस हव्यात. बरोबर आया आल्या तर चालतील.

पुष्पाबाईंनी आपल्या यादीकडे पाहिलं. सव्वीस नावांत एकोणिसाच्या आतली एकही नव्हती; त्या वयाची होती ती एकटी तारा.

"लखी नाखो ने, कोण बघतं?" हंसाबेन म्हणाल्या. लिहून टाका.

"माझा नेम आहे," पुष्पाबाई म्हणाल्या आणि मालतीबाईंना एकोणीस वर्षांच्या करण्याची ती संधी हुकली.

मग सुरू झाली मुलींची जमवाजमव. पुष्पाबाई वाटीभर साखरफुटाणे घेऊन दारोदार फिरल्या. प्रत्येक आई आत बोलवायची, पाणी द्यायची आणि म्हणायची, "माझी अजून लहान आहे हो." जी मुलगी गेल्या रविवारी वीस माणसांच्या भाकऱ्या थापण्याइतकी मोठी होती, ती या रविवारी एकदम लहान झाली होती. एका आईने तर सांगितलं, हिचं लग्न ठरेल तेव्हा बघू, आत्ताच कशाला डोक्यात घालायचं. पुष्पाबाईंनी वाद घातला नाही, त्यांना तो घालता येत नाही. त्यांनी प्रत्येकीला ताराची फुली सांगितली, नाव न घेता. एक मुलगी आहे, ती कॅलेंडरवर स्वतःच्या मरणाची तारीख लिहून बसलीय.  मग आया आतून मुलीला हाक मारायच्या. तेवीस मुली झाल्या.

आता जागा. सोसायटीची तळमजल्यावरची खोली मागायला सेक्रेटरी भटूभाऊंकडे अर्ज करावा लागतो. अर्जात पाच रकाने: नाव, घर क्रमांक, तारीख, वेळ, विषय. पुष्पाबाईंनी चार भरले आणि पाचव्यात आपल्या सुवाच्य अक्षरात लिहिलं: "मुलींना पाळी का येते व मूल कसे होते याची खरी माहिती."

भटूभाऊंनी अर्ज वाचला, पालथा ठेवला आणि पंखा वाढवला.

"वहिनी, 'भजन' लिहा ना."

"भजन नाहीये पण ते."

"मग 'आरोग्य' लिहा."

"मागच्या वर्षी तुम्ही 'आरोग्य' लिहून चष्म्याचे नंबर काढले होते. पुन्हा सगळे चष्मे घेऊन येतील."

"अहो, पण आठ दिवसांपूर्वी त्या खोलीत आपली कानबाई बसली होती! देवीच्या जागेत हा विषय?"

पुष्पाबाईंनी पदर सावरला. देवीचं नाव निघालं की त्यांचा आवाज आणखी मऊ होतो आणि समोरच्याला आणखी भीती वाटते. "भटूभाऊ, आपण दर श्रावणात कानबाईचं लग्न लावतो. तुम्हीच अंतरपाट धरता. लग्नानंतर काय होतं हे तिला माहीत नसेल असं वाटतं का तुम्हाला?"

भटूभाऊंनी कमिटी बोलावली. पाच पुरुष बसले. अर्ज एकाने वाचून पालथा दुसऱ्याकडे सरकवला, दुसऱ्याने तिसऱ्याकडे, आणि पाचव्याने वाचून झाल्यावर सर्वांनी छताकडे पाहिलं. तासभर चर्चा झाली, ती पाण्याच्या टाकीवर झाली. शेवटी ठराव असा, की खोली द्यावी, पण नोटीस बोर्डावर विषय लिहू नये. "विषय: अर्जात नमूद केल्याप्रमाणे" असं लिहावं.

एवढ्या गुप्ततेमुळे व्हायचं तेच झालं. तीन दिवसांत चाळीस माणसं अर्ज बघायला भटूभाऊंच्या दारात येऊन गेली. जो विषय ते एका बाईला एकदा लिहू देत नव्हते, तो त्यांना चाळीस वेळा स्वतःच्या हाताने दाखवावा लागला. शेवटी शेवटी तर ते न विचारताच सांगू लागले.

रविवार उजाडला. फुलीला दोन दिवस उरले होते. ताराने जेवण कमी केलं होतं, आणि आपली रंगीत ओढणी मैत्रिणीला देऊन टाकल्याचं निंबाने सहज सांगितलं, पोरगी किती समजूतदार झालीय म्हणून. 

खोलीत तेवीस मुली, पन्नास बायका. चपलांचा ढीग जिन्यापर्यंत. पुरुषांना मनाई होती, त्यामुळे सोसायटीतले सगळे पुरुष त्या दिवशी फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर हवा खायला जमले होते. हंसाबेन चित्रांची चोपडी स्टुलावर ठेवून उभ्या राहिल्या. मागच्या बायकांना ऐकू यावं म्हणून भजनी मंडळाचा माईक लावला.

कानबाईच्या गाण्यांसाठी गच्चीवर बांधलेला भोंगा अजून काढलेला नाही, आणि त्याची वायर याच माईकला जोडलेली आहे, हे कोणाच्याच लक्षात नव्हतं.

"जुओ छोकरियो," हंसाबेनचा आवाज टपरीवर, मेडिकलवर, समोरच्या लूमच्या दारापर्यंत दणदणला, "गभरावानुं नहीं! आपल्या पोटात एक पिशवी असते. पाहुणा येईल म्हणून आपण घरात गादी घालतो ना? तशी ती पिशवी दर महिन्याला आत मऊ गादी घालते, बाळासाठी. बाळ आलं नाही तर गादी काढून टाकते. तेच ते रक्त. रोग नाही, पाप नाही. शरीर आपलं घर साफ करतंय."

पुष्पाबाईंनी डोळे मिटले. गादी. साठ वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगायला श्वासभर वेळ लागला होता.

पुढे मूल कसं राहतं तेही हंसाबेनने सांगितलं, न लाजता, न हसता, जशी भाजीची कृती सांगावी. मुली टक लावून ऐकत होत्या. आया जमिनीकडे बघत होत्या, पण कान वर. कोणी नको तिथे हात लावला तर ओरडायचं, घरी सांगायचं, आणि घरच्यांनी पोरीला नाही, त्या माणसाला विचारायचं, हेही झालं. मग मुलगा होणार की मुलगी, हे बापाकडून येणाऱ्या बीजावर ठरतं, आईवर नाही, असं त्या म्हणाल्या आणि मागून मालतीबाई उठल्या. बायकांतून वाट काढत पुढे आल्या आणि माईक हातात घेतला.

"मंग मन्ही सासू माले बावीस वरीस कसाले बोलनी?"

बाहेर टपरीवर सखारामांच्या हातातला चहा बशीत सांडला. भोंगा त्यांच्या बरोबर डोक्यावर होता.

तेव्हाच भटूभाऊ घामाघूम होऊन खिडकीत प्रकट झाले आणि तोंडाला हात लावून खुणा करू लागले. पुष्पाबाई उठून बाहेर गेल्या. भोंगा चालू असल्याचं त्यांना तिथे कळलं. दोघं स्विच शोधत जिन्यातल्या मीटरच्या फळीपाशी गेले. भटूभाऊंनी एक खटका पाडला, लिफ्ट थांबली. दुसरा पाडला, पाण्याची मोटार सुरू झाली. तिसरा पाडायला हात वर केला आणि भोंग्यातून एक बारीक आवाज आला.

"बेन, म्हणजे मी मरणार नाही?"

गल्ली थांबली. रविवार असल्याने लूमही बंद होते, त्यामुळे शब्द न् शब्द टपरीपर्यंत स्पष्ट गेला.

"कोण म्हणालं तू मरणार?" हंसाबेन.

"कोणीच नाही. सगळे म्हणाले काही नाही झालं. म्हणून मला वाटलं."

टपरीवरून निंबा उठला. त्याने मुलीचा आवाज ओळखला होता. ओवा, पोटदुखी, समजूतदारपणा, सगळं त्याच्या डोक्यात एकदम जुळलं असावं. तो फाटकातून आत शिरला, चपलांच्या ढिगावरून उडी मारून पुरुषांना मनाई असलेल्या खोलीच्या दारात उभा राहिला आणि बायकांनी पदर घेण्याआधी सरळ मध्ये जाऊन खाली बसला.

"तू माले सांगं का नई व बेटा?"

"तुम्हाला पण माहीत नसेल असं वाटलं, पप्पा."

"नव्हतंच माहीत," निंबा म्हणाला. "आते बाहेर ऐकं."

भटूभाऊंचा हात खटक्यावर तसाच राहिला. खाली आणला तो खटका न पाडताच. "राहू द्या वहिनी," ते म्हणाले, "थोडंच राहिलंय. ऐकू द्या."

त्या संध्याकाळी सोसायटीतले पुरुष विलक्षण नम्र होते. सखारामांनी स्वतः भांडी घासली. लोटूअण्णांनी पुष्पाबाईंना चहा करून दिला आणि त्या पिताना शेजारी गुपचूप बसून राहिले.

खरं म्हणजे गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण फुलीचा दिवस आला आणि गेला. पाळी आली नाही.

दुसरा दिवस गेला, तिसरा गेला. भोंग्यामुळे प्रकरण सगळ्यांचं झालं होतं. बायका भाजीच्या गाडीवर एकमेकींना भुवयांनीच विचारू लागल्या, आली का? शिंदखेड्याहून परतलेली कुसुम तर दिवसातून चारदा मुलीचं तोंड बघायची. पुष्पाबाईंची अवस्था सर्वांत वाईट. त्यांनी पोरीला सांगितलं होतं, महिन्याने येईल. आता ती आली नाही म्हणजे आपण खोटं बोललो का? नेम मोडला का? की पोरीला खरंच काही झालंय आणि आपण सगळ्या गावाला भोंग्यावरून नाही म्हणून सांगितलं?

सहाव्या दिवसापासून त्यांनी सकाळी मंदिरातल्या पिंपळाला अकरा प्रदक्षिणा सुरू केल्या. आयुष्यभर बायका कशाकशासाठी पिंपळाला फिरल्या असतील, पण दुसऱ्याच्या मुलीला पाळी यावी म्हणून फिरणारी त्या पिंपळाने पहिलीच बाई पाहिली असेल.

तिसऱ्या सकाळी सातवी फेरी चालू असताना तारा शाळेत जाताना थांबली. दप्तर पाठीला, दोन वेण्या, मैत्रिणीकडून परत घेतलेली तीच रंगीत ओढणी.

"आजी, एवढ्या फेऱ्या कशासाठी?"

खरं सांगणं भाग होतं. "तुझी अजून आली नाही म्हणून."

तारा खो खो हसत सुटली. "अहो आजी, पहिलं एक-दोन वर्ष मागेपुढे होतं! कधी महिन्याने, कधी दीड महिन्याने. खूपच लांबलं नाहीतर खूप दुखलं तर दवाखान्यात जायचं. हंसाबेननी सांगितलं ना. तुम्ही ऐकलं नाही?"

"मी तेव्हा स्विच शोधत होते," पुष्पाबाई ओशाळून म्हणाल्या.

"मग मला विचारायचं ना!"

तिने दप्तर पारावर ठेवलं, पुष्पाबाईंचा हात धरून त्यांना खाली बसवलं आणि सुरुवातीपासून सांगायला घेतलं. पिशवी, गादी, बीज, सगळं. बोटाने पारावरच्या धुळीत चित्रसुद्धा काढलं. पुष्पाबाई मान हलवत ऐकत होत्या. मध्ये त्यांनी दोन शंका विचारल्या, ताराने त्यांचं निरसन केलं. पुजारी घंटा पुसायचं सोडून खांबामागे येऊन उभे राहिले होते, पण त्यांना कोणी काही म्हणालं नाही.

"अरे देवा, शाळा!" तारा उठली. "प्रार्थना झाली असेल. उशीर का झाला म्हणून बाईंनी विचारलं तर काय सांगू?"

पुष्पाबाईंनी क्षणभर विचार केला. "खरं ते सांग," त्या म्हणाल्या.

दिवसभर त्यांच्या जिवाला घोर लागला. चाळीस मुलींचा वर्ग. बाई कडक. संध्याकाळी तारा जिना चढताना दिसली तशा त्या कठड्यावर वाकल्या.

"काय गं, विचारलं का बाईंनी?"

"विचारलं."

"मग?"

"सांगितलं खरं खरं, की एका आजींना पाळी समजावत होते."

"अगं बाई! रागावल्या का?"

"नाही," तारा म्हणाली. "आधी त्यांनी वर्गाचं दार लावून घेतलं. मग खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, उभी का, ये पुढे, आणि आता पहिल्यापासून सगळ्यांना सांग."